मॅक्सीनचं पिंप

मॅक्सीन दिसायला चांगली असती तर मला इतका राग आला नसता. निदान समजून तरी घेता आलं असतं. पण बाई साठी कधीच ओलांडलेली, खांद्यांनी रुंद, बारा महिने रबरी बुटांत, आणि आवाज इतका घोगरा आणि खोल की पाठमोरी असली तर कुणी पुरुष बोलतोय असं वाटावं. जन्मभर तिने गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीवर नोकरी केली. डेकवर उभं राहून लोकांना गाडी कुठे लावायची ते सांगायचं, हे तिचं काम. वर सिगरेट. अशा बाईसाठी माझा नवरा रोज संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन घराबाहेर पडायला लागला, हे मी कुणाला सांगणार होते?

ऑरिन तसा कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. त्याची उमेदीची सगळी वर्षं ॲनाकॉर्टिसच्या गोदीत पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात गेली आणि तिथेच त्याचे कान गेले. कानात घालायची यंत्रं आम्ही चांगली महागातली आणली. ती शिट्ट्या मारतात म्हणून मोज्यांच्या खणात पडून आहेत. त्यामुळे आमच्या घरातलं बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि त्याने "आं?" म्हणायचं. मी आणखी वरच्या आवाजात ओरडायचं, त्याने आणखी एकदा "आं?" म्हणायचं. मग मी नाद सोडून द्यायचे. होता होता आम्ही महत्त्वाचं तेवढंच बोलायला लागलो, आणि पुढे महत्त्वाचं असंही फारसं काही राहिलं नाही.

बाग मात्र माझी होती. चर्चच्या मागे गावची सामायिक बाग आहे, प्रत्येकाला एकेक वाफा. माझा कुंपणाजवळचा, डेलियाचा. ऑगस्टअखेर जत्रा भरते, तिथे डेलियाची निळी फीत, म्हणजे पहिलं बक्षीस, बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. आणि त्याचं कारण माझा चहा आहे, हे सगळ्या बागेला ठाऊक आहे.

आमच्या बागेत चहा म्हणजे प्यायचा नव्हे. एका पांढऱ्या बादलीत नळाचं पाणी घ्यायचं आणि त्यात मासे पाळायच्या टाकीतला छोटा पंप सोडून दिवसभर नुसते बुडबुडे काढायचे, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. मग जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात मुरलेलं कंपोस्ट भरून ती पुरचुंडी पाण्यात लोंबती सोडायची. चमचाभर काकवी, चिमूटभर समुद्रशेवाळाची पूड. पुन्हा बुडबुडे, दुसऱ्या दिवसापर्यंत. कंपोस्टातले डोळ्यांना न दिसणारे जीव काकवी खातात, हवा घेतात आणि अमाप वाढतात. हवा बंद पडली की काही तासांत गुदमरून मरतात आणि पाणी नासतं. झालेला चहा म्हणून साठवून ठेवता येत नाही. लपवूनही ठेवता येत नाही. त्यामुळे आमच्यात रीतच पडली आहे, ज्याचा चहा तयार होईल त्याने आपल्या झाडांना घालावा आणि उरलेला त्याच सकाळी वाटून टाकावा. शनिवारी लोक झाऱ्या घेऊन येतात. इतकी वर्षं ते माझ्याकडे येत होते.

वसंतात शेजारचा वाफा मॅक्सीनला मिळाला. तिने काय करावं, तर पहिल्याच महिन्यात एक मोठं निळं पिंप आणलं. तळाशी प्लॅस्टिकचे पाइप टाकले, त्यांना भोकं पाडली, आणि बाजूच्या विटेवर एक भलामोठा पंप ठेवला. पंप असा घरघरायचा की माझ्या झाडावरच्या मधमाश्या उठून जायच्या. मनात म्हटलं, चार दिवसांची हौस आहे, जिरेल.

माझा खांदा धरला होता, म्हणून त्या दिवशी कंपोस्टची पोती गाडीतून वाफ्यापर्यंत आणून द्यायला मी ऑरिनला बरोबर घेतलं. एरवी तो बागेत फिरकत नाही. त्याने पोतं खाली ठेवलं आणि तो थबकला. घरघर त्याला ऐकू येत होती की पायाखालच्या जमिनीतून कळत होती, देव जाणे. तो सरळ कुंपण ओलांडून मॅक्सीनच्या वाफ्यात गेला, उकिडवा बसला आणि पंपावर तळहात ठेवला, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो.

"हा खाली का ठेवलाय?" त्याने विचारलं. "वीज गेली तर पिंपातलं सगळं पाणी नळीतून उलटं पंपात येईल. पाण्याच्या वर टांग त्याला."

मॅक्सीन तिकडे पाठ करून टोमॅटो बांधत होती. मान न वळवता, आवाज न चढवता ती म्हणाली, "टांगते. पण घरघर कशाने थांबेल? ती समोरची व्हर्ना रोज मला शिव्या घालते."

मी पुढे झाले, त्याला ओरडून सांगायला, ती काय विचारते आहे ते. माझ्या सवयीचंच झालं आहे ते, दुकानात, बँकेत, सगळीकडे. पण ऑरिन म्हणाला, "खाली जुन्या टायरचा तुकडा घाल. आणि ही भोकं वरून का पाडलीस? खालून पाड, म्हणजे गाळ बसून बुजणार नाहीत."

एकदाही "आं?" नाही. मी तिथे पोत्याशेजारी उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे याला ऐकू येतं. पाठमोऱ्या बाईचं ऐकू येतं, पंप घरघरत असताना ऐकू येतं. फक्त बायकोचं येत नाही.

त्या दिवसापासून हत्यारांची पेटी बाहेर पडायला लागली. आधी टायरचा तुकडा, मग पाइपची भोकं, मग पिंपाच्या तळाला गोल बुडाचं घमेलं बसवायचं, म्हणजे कोपऱ्यात घाण साचणार नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, गाडी निघाली की घड्याळाकडे नजर जायची आणि परत आली की पुन्हा जायची. इतक्या वर्षांत माझी बादली कधी त्याने वाकून बघितली नव्हती. माझा तो माशांच्या टाकीतला टिचभर पंप दर उन्हाळ्यात बंद पडायचा, तेव्हा मी नवा विकत आणायची. त्याने म्हटलं नाही, दाखव बघू.

एकदा मी जेवताना विचारलंच. "तुम्ही दोघं तिथे बोलता तरी काय?"

"आं?"

"तिच्याशी काय बोलतोस? त्या मॅक्सीनशी?"

"आं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि बटाट्यांचं भांडं त्याच्यापुढे आदळलं. ते त्याला ऐकू गेलं.

जुलैत पहिल्यांदा मॅक्सीनचं पिंप नीट चाललं. शनिवारी मी नेहमीसारखी माझी बादली घेऊन बसले होते, आणि लोक झाऱ्या घेऊन आले ते थेट तिच्याकडे गेले. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. माझ्या बादलीतून एकेकाला मगभर मिळायचा, तिच्या पिंपातून झारी भरून मिळत होता. पण कळत असलं तरी पोटात दुखायचं ते दुखतंच. ऑरिन पिंपाशेजारी उभा राहून तोटी उघडत होता आणि बंद करत होता. त्या तोटीची जागासुद्धा त्यानेच शोधून काढली होती.

व्हर्ना माझ्याकडे आली. समोरचा वाफा तिचा आहे आणि गावातल्या सगळ्या बातम्याही तिच्याच. तिने झारी आधीच भरून घेतली होती.

"तुझाही देशील का थोडा?" ती म्हणाली. "तुला वाईट वाटायला नको."

"भरलेल्या झारीत कुठे घालू?"

"तेही खरंच." तिने मागे वळून पाहिलं. "पण काही म्हण आर्डिस, तुझ्या ऑरिनला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, तो मुकाच आहे."

मी उरलेली सगळी बादली माझ्या डेलियांच्या मुळाशी ओतली. जास्त झाला. होऊ दे म्हटलं.

मग मी ठरवलं, आपणही पिंप करायचं. तिच्यापेक्षा मोठं. ऑरिनला एक शब्द सांगायचा नाही आणि त्याचं एक भोक घ्यायचं नाही. लोणच्याच्या कारखान्यातून एक जुनं पिंप मिळालं, काकडीच्या आंबट वासाने भरलेलं. ते मी बागेच्या नळावर दोन संध्याकाळी घासघासून धुतलं. खाडीवरून धुकं उतरलं होतं, वारा बोचत होता, मी पार भिजले होते, पण तिच्या वाफ्यात ऑरिनचं हसणं ऐकू येत होतं म्हणून मी घासतच राहिले. तो हसतो हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी नाक बंद झालं, तिसऱ्या दिवशी घसा बसला.

पण माघार घ्यायची वेळ निघून गेली होती. व्हर्नाला मी सांगून बसले होते की या शनिवारी चहा माझ्याकडे, आणि व्हर्नाला सांगणं म्हणजे सगळ्या गावाला सांगणं. पुढच्या आठवड्यात जत्रा होती. कुणाचा तरी जुना मोठा पंप आणून शेडच्या छपराला टांगला, पाण्याच्या वर. एवढं मात्र मी त्यांचं ऐकूनच शिकले होते. नळीच्या टोकाला हवेचे दगड लावले, ते छिद्राछिद्रांचे, ज्यांतून बारीक बुडबुडे येतात. पाणी दिवसभर फसफसू दिलं. माझे सगळे जुने पायमोजे कंपोस्टने भरले. आणि काकवी घालताना मला दिसत होतं ते तिचं निळं पिंप, ती तोटी, तिच्याशेजारी उभा असलेला तो. चमच्याने घालायची काकवी मी बाटलीने घातली. वरून मासळीचं खत घातलं, शेवाळाची पूड मूठभर घातली. माझा चहा असा व्हायला हवा होता की तिचं पिंप त्यापुढे गढूळ पाणी वाटावं.

शनिवारी सकाळी कुणी यायच्या आत मी बागेत पोचले. पिंपावर फेस चढला होता. काठ ओलांडून बाजूंनी खाली उतरत होता, तपकिरी, जाड. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आमच्या बागेत सगळेच असं धरून चालतात की फेस जितका जास्त तितका चहा जोरदार. खरी परीक्षा मात्र वासाची. चांगल्या चहाला जंगलातल्या ओल्या मातीचा वास येतो. इतकी वर्षं मी हातावर थोडा घेऊन हुंगायची आणि मगच झाडांना घालायची. त्या दिवशी मी हुंगलं आणि काहीच कळलं नाही. नाक भिंतीसारखं बंद होतं. पण एवढा फेस डोळ्यांनी दिसत असताना वास हवा कशाला, असं म्हणून मी झारी भरली. जत्रेला न्यायचा माझा डेलिया कुंपणाला लागून होता, गडद लाल, ताटाएवढी फुलं. मी त्याच्यापाशी वाकले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि ऑरिन आत आला. घरून तो मागाहून निघाला होता, तिचं पिंप सुरू करायला. दहा पावलांवर तो थांबला आणि त्याने बाही नाकाला लावली.

"काय मेलंय इथे?"

"काही मेलेलं नाही. चहा आहे," मी म्हणाले. घशातून जो आवाज निघाला तो माझा वाटतच नव्हता. खूप खालून, करवतीसारखा येत होता.

"हा चहा नव्हे. झाडांना घालू नकोस."

मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पुटपुटले, "तुझ्या त्या बाईच्या पिंपाला अत्तराचा वास येत असेल." असलं मी त्याच्या पाठीमागे नेहमीच बोलते. त्याला ऐकू जात नाही आणि माझं मन मोकळं होतं, कुणाचं नुकसान नाही.

"तिच्याही पिंपाला असाच आला होता पहिल्या खेपेला," ऑरिन म्हणाला. "तिनेही काकवी अशीच ओतली होती, मग जीव इतके वाढले की त्यांना हवाच पुरेना. सगळं फेकून दिलं आम्ही."

झारी माझ्या हातात तशीच राहिली. मी वळले नाही. त्याला माझे ओठ दिसू नयेत अशी काळजी घेतली आणि तशाच बसलेल्या घशाने विचारलं, "तुला ऐकू आलं, मी काय म्हटलं ते?"

"न यायला काय झालं?"

"आज वार कुठला?"

"शनिवार. ताप आहे का तुला, आर्डिस?"

मी झारी खाली ठेवली. वाफ्याच्या फळीवर बसले. तो येऊन शेजारी बसला, नाक धरून. इतके महिने मनात साचलेला प्रश्न मी विचारला. "तिच्याशी काय बोलतोस रोज?"

तो विचार करत राहिला. तो खोटं बोलणारा माणूस नाही, त्याला तेवढा वेगच नाही. "विशेष काही नाही. भोकं केवढी पाडायची. मग ती बोटीवरचं काही सांगते. एकदा कुणीतरी डेकवर घोडा आणला होता म्हणे." मग म्हणाला, "मला तिचं ऐकू येतं. प्रत्येक शब्द. बरं वाटतं गं, तसं ऐकू आलं की."

"आणि माझं?"

"तुझं मला चिडलेलं तेवढं ऐकू येतं. काय म्हणतेस ते नाही. आवाज असा वर वर जातो, आणि वरच्या पट्टीतलं ऐकू येणं माझं सगळं गेलंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला आठवेना. त्यांनी एक कागद दाखवला होता, त्यावर उतरत जाणारी रेघ होती, आणि मी यंत्रांची किंमत विचारली होती. तिथे फळीवर बसून मला हसावं की त्याला एक ठेवून द्यावी कळेना. म्हणजे इतके दिवस मी जळत होते ती बाईवर नव्हे. तिच्या गळ्यावर. आणि तो गळा तिला बोटींनी आणि सिगरेटींनी दिला होता, तर मला जन्मतःच पातळ, उंच आवाज मिळाला होता, चर्चमध्ये ज्याचं कौतुक व्हायचं तो.

आणि तरीही माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. हा म्हणतो चहा नासलाय. माझ्या नाकाला तर काही कळत नाही. आज लोक येणार, माझ्या पिंपाशी रांग लावणार, आणि तेवढ्यात हा म्हणतो, फेकून दे. कुणासाठी म्हणत असेल? मी उठले, पिंपावर वाकले, फेसात नाक जवळजवळ बुडवलं. काही नाही. सरळ त्याच्याकडे बघितलं. तो बाही नाकाशी धरून बसला होता आणि त्याचे डोळे पाण्याने भरले होते, वासाने. इतकं नाटक त्याला येत नाही. मी म्हणाले, "लाव हात."

आम्ही दोघांनी मिळून पिंप कलंडलं. जाण्यायेण्याच्या वाटेवर लाकडाचे ढलपे पसरलेले असतात, त्यांच्यावर सगळं ओतलं, कुणाच्या मुळांना जाऊ नये म्हणून. त्याच वेळी व्हर्ना दोन झाऱ्या घेऊन फाटकातून आत आली आणि तिथल्या तिथे मागे फिरली. त्या वाटेवरून महिनाभर कुणी गेलं नाही. मला कुणाला काही सांगायची वेळच आली नाही, वासाने सांगितलं.

मॅक्सीन आली तेव्हा तिने पिंपाकडे पाहिलं आणि मग वाटेकडे पाहिलं. "माझ्याकडे उरतो," ती म्हणाली. "नाहीतर दुपारपर्यंत मरूनच जाईल. घेऊन जा."

मला नको म्हणायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण मला ऑरिन दिसला, तिच्या तोटीखाली माझी झारी धरून उभा. तो माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते ते ऐकायला. कित्येक वर्षांत तो असं बघत उभा राहिला नव्हता. मी म्हणाले, "घाल." आणि तिचा चहा माझ्या लाल डेलियाला घातला. घालताना दात ओठ खाल्ले, पण घातला.

पुढचे काही दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले, हे मला कबूल केलंच पाहिजे. सर्दी हटत नव्हती आणि घसा सुटत नव्हता, आणि आम्ही बोलत होतो. नाश्त्याला बोलत होतो, भांडी घासताना बोलत होतो. स्पोकेनला माझ्या बहिणीचं काय चाललंय ते त्याने विचारलं. ती तीन वर्षांपूर्वी घर विकून मुलीकडे राहायला गेली, हे त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं होतं, ओरडून. त्याने मला गोदीतल्या एका मित्राचं सांगितलं, जो मागच्याच हिवाळ्यात गेला. त्याच्या अंत्यविधीला तो एकटाच जाऊन आला होता आणि मला वाटलं होतं, हा कुठे फिरायला गेला. मग मी ओव्हनमध्ये ब्लॅकबेरी-पाय भाजला, गोड सारणाचा, आणि त्याने तीन वेळा घेतला.

गुरुवारी घसा सुटला. सकाळी मी म्हणाले, "कॉफी झाली," आणि आवाज पूर्वीसारखा स्वच्छ, पातळ निघाला.

"आं?" ऑरिन म्हणाला.

मी ओट्याला धरून उभी राहिले. आयुष्यात कुणी आपल्या बऱ्या होण्यावर इतकं चिडलं नसेल. मग मी हनुवटी खाली घेतली, श्वास पोटात सोडला आणि शब्द तिथून वर आणले, हळू, एकेक करून. कसं करायचं ते मला ठाऊक होतं. उन्हाळाभर शेजारच्या वाफ्यातून ते माझ्या कानांवर पडत होतं. "कॉफी झाली," मी म्हणाले.

"आलो," तो म्हणाला.

सोपं नसतं ते. राग आला की आवाज आपोआप वर पळतो, आणि मला राग लवकर येतो. दिवसभर मी स्वतःला खाली ओढत होते. दुकानात विसरून तशाच आवाजात बोलले तर दुकानदार म्हणाला, अजून सर्दी आहे वाटतं. जत्रेच्या दिवशी मंडपात फुलं मांडताना मी ऑरिनला म्हणाले, "ती फुलदाणी जरा डावीकडे घे," आणि टेबलापलीकडची व्हर्ना वळली.

"मला वाटलं मॅक्सीन आली," ती म्हणाली. "तू अगदी तिच्यासारखी बोलायला लागलीस गं."

"घसा बसलाय," मी म्हणाले.

निळी फीत यंदाही मलाच मिळाली. लाल डेलियाला. मॅक्सीनच्या फुलांना काही मिळालं नाही, आणि तिने मला मिठी मारून अभिनंदन केलं, सिगरेटच्या वासासकट. व्हर्ना सगळ्यांना सांगत फिरली की फीत आर्डिसची पण चहा मॅक्सीनचा. मी ऐकून घेतलं. माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता, माझं ऐकत होता, माझ्या गमतींवर हसत होता. बाकी सगळं मॅक्सीनला देऊन टाकायची माझी तयारी होती.

घरी आल्यावर तो गॅरेजमध्ये गेला, माझा पंप दुरुस्त करायला. हो, माझा, लोणच्याच्या पिंपाचा. मी स्वयंपाक केला, खिम्याचा मीटलोफ भाजला, टेबल मांडलं, फीत मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवली आणि गॅरेजच्या दारात गेले. तो पाठमोरा बसला होता, दिव्याखाली, पंप उघडून. मी हनुवटी खाली घेतली.

"जेवायला चल," मी म्हणाले. अगदी पोटातून, छान जमलं होतं.

"आलो, मॅक्सीन," तो म्हणाला.

मग त्याने हत्यार खाली ठेवलं, चिंधीला हात पुसले आणि वळला. मला बघून हसला. आपण काय म्हणालो ते त्याला कळलंही नव्हतं. "मीटलोफ केलास?" त्याने विचारलं.

छातीतून एक किंकाळी वर चढत गळ्यापर्यंत आली होती. मी ती गिळली आणि पुन्हा तळाशी गेले.

"हो," मी त्याच आवाजात म्हणाले, "मीटलोफ." ओरडले असते तर त्याला ऐकूच गेलं नसतं.